सेटमास्तरांची सरळ रेघ

मास्तरांना सेटमास्तर हे नाव कुणी ठेवलं याचा तपास कधी लागला नाही, पण ज्याने ठेवलं त्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार. दंतवैद्यीणबाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत मास्तर एकतीस वर्षं कवळ्या बनवत होते आणि तेवढ्या वर्षांत त्यांना 'सेट' सोडून दुसऱ्या शब्दाची फारशी गरज पडली नव्हती. प्लास्टर घट्ट झालं की ते सेट झालं. त्यातून निघालेली वरच्या-खालच्या जबड्यांची जोडी म्हणजे सेट. कंपनीकडून मेणाच्या पट्टीवर चिकटून येणारे अठ्ठावीस दात, तोही सेट. ते दात मेणाच्या हिरडीत एकेक करून रोवायचे म्हणजे सेट करायचे, आणि एवढं सगळं होऊन जी कवळी तयार होते ती तर जन्माने सेटच. "तो सेट सेट झाला की त्यावर हा सेट सेट करतो," असं ते डबा खाता खाता सांगत. दंतवैद्यीणबाई वडिलांचा दवाखाना चालवायला आल्या तेव्हा पहिला आठवडाभर त्यांना वाटलं की मागच्या खोलीत काहीतरी गुप्त कारभार चाललाय. दुसऱ्या आठवड्यात त्यांना मास्तरांचं सगळं समजू लागलं, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच एका पेशंटला म्हणाल्या, "काळजी करू नका, सेट होईल."

खोलीत एक खिडकी, एक नळ, पाणी उकळायची एक शेगडी आणि पॉलिशचं फिरतं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे दोनेकशे जबडे आ वासून बसलेले. नवखा माणूस आत आला की दारातच थबके. मास्तरांना मात्र त्या मंडळींची सोबत वाटे. कुणाचं तोंड कुठलं हे त्यांना नाव न वाचता कळत असे. रस्त्यात कुणी भेटलं तर माणसाचं नाव आठवायला वेळ लागे, पण तो हसला की लगेच ओळख पटायची.

घरी हा शब्द थोडा मोकळा फिरे. सहा कपांचा चहाचा सेट होता, त्यातले साडेतीन उरले होते. अर्धा अशासाठी की त्याला कान नव्हता. तरी तो सेटच. लेकीला शाळेत नोकरी लागली, ती सेट झाली. शेजारच्या दोन भावांचं गॅलरीतल्या पत्र्यावरून जुंपलं, ते मास्तरांनी मध्ये पडून सेट केलं. बायकोची कंबर धरली, ती मालिशवाल्याकडून सेट करून आणली. भिंतीवरचं घड्याळ, दूरदर्शनचा आवाज, दाराची कडी, पाहुण्यांची झोपायची सोय, या सगळ्यांना एकच क्रियापद पुरे. जेवण झालं की हात धुताना मास्तर 'सेट' म्हणत, आणि बायकोने त्यावरून जेवण आवडलं असं समजायचं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती नवे कपडे घालून समोर उभी राहिली तेव्हाही मास्तर तेच म्हणाले होते. "मी काय प्लास्टर आहे?" असं तिने तेव्हा विचारलं होतं आणि अधूनमधून अजून विचारत असे.

एकदा तर हद्द झाली. ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. मास्तर भेटायला गेले, शेवटचं दर्शन घ्यायला वाकले. घरच्यांनी आठवणीने कवळी बसवली होती, ती मास्तरांनीच केलेली. त्यांनी क्षणभर निरखून पाहिलं आणि अगदी हलक्या आवाजात 'सेट' असं पुटपुटले. गृहस्थांच्या सुनेला वाटलं, काहीतरी प्रार्थना असावी. तिनेही हात जोडले.

लेक शाळेत इंग्रजी शिकवायची. एका सुट्टीच्या दुपारी तिने ग्रंथालयातला उशीएवढा जाड शब्दकोश घरी आणला, बाबांसमोर उघडला आणि म्हणाली की हा तुमचा शब्द बघा. मास्तरांनी चष्मा लावला. एक पान झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, शब्द काही संपेना. घरातल्या माणसाचा भर सभेत सत्कार व्हावा तशी मास्तरांची छाती फुगत चालली. लेक एकेक अर्थ वाचून मराठीत सांगत होती. टेबलावर ताटं मांडणं. सापळा लावणं. परीक्षेचा पेपर काढणं. मोडलेलं हाड जुळवणं. केसांना वळण देणं. रंगमंचावरचा देखावा. टेनिसचा एक डाव. एकमेकांत ऊठबस असणारी मंडळी. प्रत्येक अर्थाला मास्तर असे मान डोलावत होते की जणू तो त्यांनीच सुचवला होता. मग लेक म्हणाली, सूर्य मावळणं.

मास्तरांची मान थांबली. हे चुकलंय, असं ते म्हणाले. लेकीने सांगितलं की शब्दकोशात छापलंय, चुकेल कसं. मास्तर ऐकायला तयार नव्हते.

"सूर्य मावळला म्हणजे जागेवरून गेला ना? जागेवरून गेलेलं सेट कसं होईल? एकदा बसलं की हलायचं नाही, फट पडायची नाही, त्याला सेट म्हणतात."

लेक म्हणाली, प्रकाशकांना पत्र लिहू या. तिने ते थट्टेने म्हटलं होतं. मास्तरांनी पत्राचा मजकूर दोन दिवस मनात घोळवला.

पण त्या दुपारी मास्तर जे बोलले ती त्यांच्या धंद्यातली खरी निष्ठा होती. दात रोवताना ते खाली काचेची एक सपाट पट्टी धरत, आणि वरच्या ओळीचा शेवटचा दात त्या काचेला टेकेपर्यंत श्वास सोडत नसत. त्यांच्या हातून गेलेल्या एकाही कवळीत कधी फट नव्हती, एक दात दुसऱ्यावर चढलेला नव्हता, तिरका तर नव्हताच. माणूस आयुष्यभर वाकडे दात घेऊन फिरला असेल, पण म्हातारपणी मास्तरांच्या हाती लागला की सुधारला. याचा परिणाम असा झाला होता की संध्याकाळी बागेतल्या बाकावर आठ-दहा म्हातारी माणसं एका विनोदावर हसली की सगळ्यांचं हसू एकच दिसे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एका आईची लेकरं जमलीत. दंतवैद्यीणबाई चिडवत, "मास्तर, तुम्ही माणसं करता की कुंपण?" मास्तरांना ती स्तुती वाटे.

या सरळ रेघेपुढे त्यांची स्वतःची बहीण उभी राहिली आणि तिथून सगळं बिघडलं.

थोरल्या ताई मास्तरांहून आठ वर्षांनी मोठ्या. अठ्ठावन्न वर्षांच्या भावाला त्या भर दवाखान्यात 'छोट्या' म्हणून हाक मारत. त्यांचे यजमान, म्हणजे मास्तरांचे दाजी, बसच्या कारखान्यात होते. इंजिनाच्या टोपणाला कान लावून कुठला भाग बिघडलाय ते सांगत आणि खोललं की तोच निघे. सहा वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून सकाळी आठ वाजता चहा झाला की ताई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, पहिल्या पानावरच्या मथळ्यापासून हरवलेल्या छत्रीच्या जाहिरातीपर्यंत. यात दोन तास जात. वाचायला अर्धा तास लागे. उरलेला वेळ दाजी प्रत्येक बातमीशी भांडत, आणि ताई बातमीची बाजू घेऊन दाजींशी भांडत. या भांडणावर ते घर चालत होतं.

ताईंचे दात एकेक करून गेले. शेवटचे चार बाईंनी काढले आणि हिरड्या भरून यायला तीन महिने थांबायला सांगितलं. मास्तरांनी ते तीन महिने बोटांवर मोजले. ताईंच्या पुढच्या दोन दातांत फट होती, बंद पाकीट सहज सरकवता येईल एवढी, आणि डावीकडचा एक दात शेजाऱ्याच्या अंगावर चढून बसलेला. काम शिकल्यापासून ती फट मास्तरांच्या डोळ्यांत सलत होती. आता हक्काने हात घालता येणार होता. त्यांनी सगळ्यात चांगले दात मागवले, आपल्या हाताने मेण चढवलं, काच दहादा धरली. असा सेट आपण उभ्या आयुष्यात केला नाही, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बाईंनी कवळी बसवली. सगळ्यांनी वाहवा केली. ताईंनी आरशात बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "छान आहे. कुणाची आहे?"

मास्तर सगळ्यांत मोठ्याने हसले.

आठ-दहा दिवसांनी मास्तरांची बायको नणंदेकडे जाऊन आली आणि तिने जेवताना सहज सांगितलं की ताईंची कवळी स्वयंपाकघराच्या खिडकीत एका वाटीत पाण्यात बुडालेली असते. मास्तरांचा घास हातातच राहिला. कुठेतरी टोचत असणार, असं त्यांनी ठरवलं आणि दुसऱ्याच दिवशी ताईंना बोलावून घेतलं. बाईंनी तपासलं, हिरडीवर लाल ठिपकासुद्धा नव्हता. मास्तरांनी ताईंना एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत आकडे म्हणायला लावले, कारण त्यात 'स' आणि 'ष' यांची नुसती रेलचेल असते आणि कवळी जरा ढिली असेल तर तिथेच चोरी पकडली जाते. ताईंनी म्हटले. प्रत्येक 'स' नव्या कात्रीने कागद कापावा तसा स्वच्छ निघाला. मास्तरांनी समाधानासाठी एका कडेला उगीच पॉलिश मारलं आणि ताईंना घरी पाठवलं. कवळी परत वाटीत गेली. पुन्हा बोलावलं, पुन्हा घासलं, पुन्हा वाटी. तिसऱ्या वेळी ताई खुर्चीतून उठल्या, कवळी काढून मास्तरांच्या तळहातावर ठेवली आणि बोळक्या तोंडाने, पण शब्दन् शब्द कळेल असं म्हणाल्या, "छोट्या, मला सेट नको. मला माझं तोंड दे."

त्या रात्री मास्तर जेवले आणि हात धुताना काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने पदर खोचून त्यांना सुनावलं की एकतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावताय, एकदा तुमच्या बहिणीच्या घरात डोकावून या. सकाळी आठला जा, गप्प बसा, तिच्या दातांकडे बघू नका, दाजींकडे बघा.

मास्तर गेले. भाऊ आलाय म्हणून ताईंनी कवळी घातली, वर्तमानपत्र उघडलं आणि वाचायला लागल्या. उच्चार असे की निवेदिकेने शिकून जावं. मास्तरांचं लक्ष दातांकडे जात होतं, ते त्यांनी ओढून दाजींकडे नेलं. एरवी आरामखुर्चीत रेलून एक पाय हलवणारे दाजी ताठ बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, एखाद्या कचेरीत साहेबांची वाट बघत बसावं तसे. पहिली बातमी झाली, दाजी 'हं' म्हणाले. दुसरी झाली, 'हं'. पाणीपट्टी वाढणार असल्याची बातमी झाली, तेव्हा दाजी 'बरं' म्हणाले. पाणीपट्टीला 'बरं' म्हणणारे दाजी मास्तरांनी पहिल्यांदाच पाहिले. वर्तमानपत्र बारा मिनिटांत संपलं. ताईंनी त्याची घडी घातली आणि आत गेल्या.

दाजींनी आवाज खाली आणला. "छोटेराव, राग मानू नका. काम उत्तम आहे, सगळेच सांगतात. पण ती वाचायला लागली की वाटतं, कुणी परकी बाई घरात येऊन बसलीय. चांगल्या घरची आहे, शिकलेली आहे. पण तिच्याशी भांडायचं कसं? ओळखच नाही."

मास्तरांनी विचारलं की नेमकं काय वेगळं वाटतं. दाजींना शोधावं लागलं नाही. ताईंच्या बोलण्यात एक शीळ होती, ते म्हणाले. बारीक. किटली उकळी फुटायच्या आधी करते तशी. दर 'स'ला यायची. त्रेचाळीस वर्षं ऐकली. आता कवळी घातली की शीळ नाही, आणि काढली की शब्दच कळत नाहीत. म्हणून मीच म्हटलं, राहू दे वाचणं, रेडिओ आहे की.

"तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते," दाजी म्हणाले. "चहा ठेवलाय. डावीकडे स्टूल आहे. बस, एवढंच. घरात दोन माणसं आहेत आणि मी दिवसभर एकटा असतो."

मास्तर चालत दवाखान्यात आले. ती शीळ कुठून येत होती हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तिचा रस्ता त्यांनीच काचेची पट्टी लावून बुजवला होता, आणि वर पॉलिश मारलं होतं.

त्यांनी त्याच दिवशी नवी मेणाची हिरडी चढवली आणि फट ठेवून दात रोवायला घेतले. पण बोटं ऐकेनात. मन जरा दुसरीकडे गेलं की बोटं दोन्ही दात हळूच जवळ आणून ठेवत, आणि काच न मागता हातात येई. शेवटी मास्तरांनी काच बाईंच्या टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावायला सांगितलं. बाईंनी हसू दाबत लावलं आणि मग विचारायचं ते विचारलं: फट ठेवायची, पण केवढी? ताईंच्या जुन्या दातांचं माप कुणी घेतलेलं नव्हतं. फोटो बघावेत तर सगळ्या फोटोंत ताई तोंड घट्ट मिटून उभ्या. त्या फटीपायीच त्या कधी दात दाखवून हसल्या नव्हत्या. मास्तरांच्या डोळ्यांत ती फट तीस वर्षं सलत होती खरी, पण सलणारी गोष्ट नेहमी असते त्याहून मोठीच वाटते. खरं माप एकाच ठिकाणी शिल्लक होतं, ते दाजींच्या कानात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर दोघांनाही दवाखान्यात घेऊन आले. ताई पेशंटच्या खुर्चीत, दाजी बाईंच्या स्टुलावर कान पुढे करून, हातात वर्तमानपत्र ताईंच्या. दात अजून मेणातच होते, म्हणजे गरम सुरीच्या टोकाने पाहिजे तसे सरकवता येत होते. बाईंनी बाहेर थांबलेल्यांना सांगितलं की जरा वेळ लागेल, मग स्वतः दाराला टेकून उभ्या राहिल्या.

ताईंनी वाचलं, "स्थानकासमोरच्या रस्त्याचं काम सहा महिन्यांत संपणार."

दाजींनी मान हलवली. परकीच आहे, म्हणाले. मास्तरांनी मेण बाहेर काढून दात केसभर सरकवला आणि परत बसवलं. ताईंनी तीच ओळ वाचली. आता शेजारीण वाटते, असा निकाल आला. मास्तरांनी अजून केसभर फट सोडली. आता तिची चुलत बहीण. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. स्वतःच्या हाताने रेघ मोडायची, तीही केसाकेसाने. त्यांनी मन घट्ट करून थोडं जास्तच सरकवलं, तशी दाजींनी कानावर हात ठेवला.

"हे फार झालं, हवा गळतेय. पाव आटा मागे घ्या."

कारखान्यात इंजिनाचे स्क्रू घट्ट-सैल करायला सांगत तसंच दाजी सांगत होते, आणि मास्तर नवशिक्या फिटरसारखे निमूटपणे ऐकत होते. पाव आटा मागे घेतला. जवळ आलंय, दाजी म्हणाले, पण तिची हवा सरळ येत नव्हती, डावीकडून वळून यायची. ताई म्हणाल्या की मी काय बस आहे का. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डावीकडून. मास्तर सुरी तापवत थांबले. मग त्यांनी डावीकडचा तो दात उचलला आणि एकतीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं: तो शेजारच्या दाताच्या अंगावर तिरका चढवून ठेवला. बाई दारातून दोन पावलं पुढे आल्या. मग ताईंनीच ती मेणाची कवळी त्यांच्याकडून घेऊन आपली आपण बसवली, जीभ एकदा फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"स्थानकासमोरच्या रस्त्याचं काम सहा महिन्यांत संपणार, असं नगराध्यक्षांनी सांगितलं."

दाजींचा एक पाय हलायला लागला.

"सहा महिन्यांत? मागच्या खेपेलाही सहाच सांगितले होते त्याने."

ताईंनी कागद खाली केला. "मागच्या खेपेला दुसरा नगराध्यक्ष होता. आणि मध्ये बोलू नका, मला पुढचं वाचू द्या."

"पुढचं काय वाचतेस, पहिलीच ओळ खोटी आहे."

"मग तुम्हीच जा आणि रस्ता करा."

मास्तरांनी विचारलं, दाजी, आता बरोबर आहे का. दाजींना ऐकू गेलं नाही. ते स्टुलावरून ताईंच्या दिशेने वळून बसले होते आणि डांबर कसं टाकतात ते सांगत होते. मास्तर परत विचारणार तेवढ्यात बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. बाहेर बसलेल्या एका पेशंटने, ज्याचा गाल सुजला होता, दारातून डोकावून सांगितलं की तो रस्ता त्याच्या घरासमोरूनच जातो आणि दाजींचं बरोबर आहे. ताईंनी त्यालाही झापलं.

मास्तर हातात सुरी घेऊन उभे होते आणि आता त्यांना वेगळीच धास्ती लागली. तोंडाच्या उबेने मेण मऊ होतं, आणि मेण मऊ झालं की जागेवर आलेले दात निसटायला वेळ लागत नाही. एवढ्या मेहनतीने सापडलेली फट भांडणात वाहून जायची.

"ताई," ते काकुळतीला येऊन म्हणाले, "दोन मिनिटं थांब. तोंड उघड, मला ते बाहेर काढू दे."

ताईंनी त्यांच्याकडे न बघता हातानेच थांब म्हणून खूण केली आणि पान उलटलं.